धक्क्यावरचा समुद्र

बहिणीसाठी निळा रंग आणायला मी टेकडीवरच्या दुकानात जातो. दुकानदार दर वेळी विचारतो, "कुस्तोदियु, अजून संपली नाही का रे तुझ्या ताईची भिंत?" मी हसून वेळ मारून नेतो. आजही तिथूनच येतोय. बसा जरा, कुणाला तरी हे सांगायलाच हवं.

आमच्या बेटावरच्या होर्ता बंदराच्या धक्क्यावर थांबलेली शिडाची बोट निघण्याआधी भिंतीवर आपलं चित्र काढून जाते. न काढता गेलेला परत येत नाही, असं सगळेच मानतात. आणि दुसऱ्याच्या चित्राला कुणी हात लावायचा नाही.

येल्ले नावाच्या डच माणसानं तिथे आपल्या बोटीचं चित्र काढलं होतं. सुकाणूवर नारिंगी टोपी घातलेला तो स्वतः, आणि पुढे डोलकाठीपाशी त्याचा खलाशी तेल्मो. तेल्मो म्हणजे माझा भाचा, फिलोमेनाताईचा एकुलता एक मुलगा. त्या सफरीहून येल्ले एकटाच परतला. पोराला लाटेनं ओढून नेलं म्हणाला.

"मागे वळलास?" ताईनं विचारलं.

"वारा पाठीमागून होता, बाई. वळवली असती तर डोलकाठी मोडली असती."

"हाका मारत होता?"

येल्ले टोपी चाचपत राहिला. "बराच वेळ," म्हणाला.

त्यानंतर ताई बोलायचीच थांबली. घास घशाखाली उतरेना. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काहीतरी रंगवा. मनात साठलंय ते भिंतीवर जाऊ द्या." मी शिडं शिवणारा माणूस, बोटींचे उरलेले रंग माझ्याकडे पडलेलेच असतात. येल्लेच्या चित्रातल्या बोटीच्या मागे भिंत मोकळी होती. तिथे ताई रोज दुपारी समुद्र रंगवू लागली. नुसतं पाणी, लाटेमागून लाट. आणि खरंच ती जेवू लागली, माझ्या टकलाची थट्टा करू लागली. मला एवढं बरं वाटलं, की मी काही विचारलंच नाही.

येल्ले पुन्हा निघाला तेव्हा हवा अगदी स्वच्छ होती. जाताना तो ताईच्या मागे येऊन उभा राहिला. "छान झालंय. पण यात बोट नाही?"

"बोट तुझी आहे की," ताई हात न थांबवता म्हणाली. "माझं फक्त पाणी."

आठवडा उलटायच्या आत त्याची बोट सापडली. शिडं भरलेली, नाकासमोर चाललेली, टेबलावर कॉफीचा पेला तसाच. आत माणूस नव्हता.

मी धापा टाकत धक्क्यावर गेलो. येल्लेच्या चित्रात सुकाणूवर तेल्मो होता... पाठमोरा. दुसरं कुणी नव्हतं. कुठे खरवडल्याची खूण नाही, रंग तसाच उन्हानं विटलेला. आणि मागे, ताईच्या समुद्रात, एक नारिंगी ठिपका.

"ताई... हे तू काढलंस?"

"दुसऱ्याच्या चित्राला मी हात लावीन का?"

"मग तो ठिपका..."

"पोहतोय." तिच्या आवाजात इतकी तृप्ती होती, की मला तिचीच भीती वाटली. "रोज बोटीच्या जरा जवळ येतो. मग मी त्याच्यासमोर नवी लाट काढते. जातो मागे."

"असं किती दिवस, ताई?"

तिनं ब्रश निळ्या रंगात बुडवला. "बराच वेळ," म्हणाली.

त्याला आता कित्येक उन्हाळे झाले. समुद्र भिंतभर पसरलाय. डॉक्टरीणबाई आपल्या दुःखी माणसांना तो मुद्दाम दाखवायला आणतात. ताईची तब्येत उत्तम आहे.

आज दुपारी ती डबा धुवायला नळावर गेली, तेव्हा मी त्या ठिपक्यावर बोट टेकवलं. ओला होता. बोटाला रंग लागला नाही, जिभेला लावून पाहिलं तर खारट पाणी.

"निळा संपला रे," ताई नळावरून म्हणाली. मी रिकामी पिशवी उचलली आणि चालू लागलो. तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या नावानं हाक मारली. आवाज भिंतीकडून आला... ताईचा नव्हता.

मी मागे वळलो नाही.