समोरची मोगरी

झाडाची साल बडवून कापड करणं हे एकटीचं काम नव्हे. वावाउ बेटावरच्या त्या गावात बायका ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना जोडीनं बसत. एकीची लाकडी मोगरी पडली की दुसरीची उठे. लोसालिनेची जोडीदारीण म्हणजे तिची नणंद वैसिमा. वीस वर्षं दोघी समोरासमोर बसून भांडल्या आणि दुसरी जोडीदारीण मात्र कुणीच शोधली नाही.

वैसिमा गेली आणि सुतक लागलं. सुतकात मोगरीचा आवाज करायचा नसतो. पण लोसालिनेच्या मुलीचं, तेमालेतीचं लग्न दहा दिवसांवर होतं. नवरा मुलगा ऑकलंडहून रजा काढून आलेला, तारीख हलणार नव्हती. आईच्या हातच्या कापडाशिवाय पोरगी सासरी गेली असती तर जन्मभराचा टोमणा झाला असता.

मोगरीला फडकं गुंडाळून लोसालिने भर दुपारी, गाव जेवून पेंगत असताना, अळूच्या मळ्यामागे जाऊन बसली. मनातून ती घाबरलेली होती.

पहिल्या दिवशी साल पसरेचना. दुसऱ्या दिवशी काम झपाझप पुढे सरकलं. तिसऱ्या दिवशी हात भरून आले म्हणून तिनं मोगरी खाली ठेवली, तर ठोके थांबले नाहीत.

ठक. मध्ये तिच्या ठोक्यापुरती जागा. पुन्हा ठक.

ती पळाली नाही. निम्मं कापड बाकी होतं. तिनं मोगरी उचलली.

बडवलेल्या पट्ट्या एकमेकींना चिकटवायला शेजारची म्हातारी फुसिपाला आली. कापडावरून बोट फिरवता फिरवता तिचा हात थांबला.

"ही बाजू वैसिमाच्या हातची आहे."

जुनं असेल, लोसालिने म्हणाली.

"साल ओली आहे गं अजून." म्हातारीनं आवाज खाली आणला. "आधी तिच्या थडग्यावर अंथर. आत्याचा मान आहे तो. नाहीतर कापड जाईल तिथं ती जाईल, पोरीच्या मागे."

थडग्यावर अंथरलेलं कापड नवरीला चालत नाही. लोसालिनेनं ते पेटीत ठेवलं.

शनिवारी लग्न झालं. डुकरं भाजली, लोक पोटभर जेवले, कापडाची तोंडभर तारीफ झाली. लोसालिनेचा जीव भांड्यात पडला.

पाहुणे पांगल्यावर तेमालेती अंगणात घडी घालायला उभी राहिली. चांगलं वीस हात लांब कापड. लोसालिने लगबगीनं निघाली.

"थांब, दुसरी बाजू मी धरते."

"राहू दे आई," मुलगी वळून न बघता म्हणाली, "धरलीय."

दोन टोकं तिच्या हातात होती. पलीकडची दोन टोकं जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर होती.