पूर्वेच्या कुंपणाजवळ

अग्निशमन दलाच्या पोरांची बैठक संपली होती. बाहेर हिमवादळ होतं, त्यामुळे घरी जायला कुणी उठत नव्हतं. मायरन काकांनी शेगडीकडे खुर्ची ओढली.

"लेस्टर बिलिकची हकिगत सांगतो," ते म्हणाले. "तो खोटं बोलायचा नाही. मुळात बोलायचाच कमी."

एस्टरबी गावचा सगळा कारभार म्हणजे लेस्टर. पाण्याची वाहिनी फुटली, बोलवा लेस्टरला. रस्त्यावरचा बर्फ काढायचाय, लेस्टर. कुणी गेलं तर पोस्टाच्या दारावर दफनाची सूचना तोच लावायचा आणि खड्डाही तोच खणायचा. हिवाळ्यात इथली जमीन दगड होते, म्हणून आधी त्या जागेवर कोळसे पेटवायचे आणि वर लोखंडी पिंप अर्धं कापून पालथं घालायचं. माती मऊ झाली की खणायचं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीतला दुसरा शुक्रवार. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला टेकला आजीला पुरायचं होतं. पारा उणे चौतीसवर. रात्री साडेदहाला लेस्टर पिंपाखाली आणखी कोळसे घालायला निघाला, तशी त्याची बायको वेरा म्हणाली, "सकाळी घाल की."

"आणि विझले तर? आजीला तुझ्या स्वयंपाकघरात ठेवू?"

दफनभूमीत पोचला तर पिंपाशेजारी एक म्हातारा उकिडवा बसलेला. अंगात पातळ कोट, डोकं उघडं. जास्त झालेली दिसतेय, लेस्टरला वाटलं.

"बाबा, गोठून जाल इथं. चला, गाडीत बसा."

"बरं वाटतंय," म्हातारा म्हणाला. "कुणासाठी ही ऊब?"

"टेकला आजीसाठी. उद्या दोनला. पोस्टावर कागद लावलाय."

"वाचला मी." मग जमीन चाचपत, "आमच्या वेळी नाही पेटवलं कुणी. कुऱ्हाडीनं फोडली जमीन... वरवरच."

"कुणासाठी फोडली?"

म्हातारा पिंपाजवळ सरकला.

लेस्टरनं कोळसे आत सारले. पिंप तापून लाल झालं. म्हाताऱ्यानं दोन्ही तळवे त्यावर टेकवले.

"अहो, भाजेल..."

भाजलं नाही. तळव्यांखाली लोखंड पांढरं पडलं. हिम धरलं. ते पसरत गेलं... खाली कोळसे धगधगत होते.

"माझा कागद लावलाच नाही. कुणी आलं नाही. तू लावशील?"

"नाव काय?" लेस्टरनं विचारलं.

म्हाताऱ्यानं तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. बराच वेळ.

"आठवत नाही... पूर्वेच्या कुंपणाजवळ."

लेस्टरच्या हातून फावडं पडलं. तो वाकला. वर पाहिलं.

कुणी नाही.

बर्फात पावलं होती. एकट्या लेस्टरची.

घरी वेरानं विचारलं, "घातले कोळसे?" रात्रभर दिवा मालवू दिला नाही त्यानं.

उजाडताच त्यानं पोस्टावर दुसरा कागद लावला. आजीनंतर पूर्वेच्या कुंपणाजवळ यावे, नाव माहीत नाही, एवढंच. गाव कचेरीतली जॉयस तो वाचून तावातावानं आली. "लेस्टर, ही काय थट्टा? बिननावाच्या माणसाचं दफन?"

"दफन झालंय," लेस्टर म्हणाला. "माणसं यायची राहिलीत."

दुपारी आजीवर माती पडली. बरेच जण कुजबुजत दफनानंतरच्या कॉफीकडे वळले. सातआठ जण मात्र थांबले, जॉयससुद्धा. फादर ओसिपही आले. पण उभं राहायचं कुठं? कुंपण लांबच लांब. बर्फ मांडीपर्यंत. जुन्या नकाशात त्या बाजूला एकही थडगं नव्हतं.

"कुठं, लेस्टर?" फादरांनी विचारलं.

लेस्टरला कुठं माहीत होतं. तो कुंपणाच्या कडेनं चालू लागला, बाकीचे मागून. मग जॉयस थबकली. तिनं नुसता हात पुढे केला.

तिथं बर्फ नव्हता. माणूस निजेल एवढी पट्टी... काळी, ओली माती. वर वाफ. आजूबाजूला बर्फ अस्पर्श, कुणाचं पाऊल नाही, कोळसा नाही, राखेचा कण नाही.

फादरांनी हातमोजा काढला. खाली बसून तळहात मातीवर ठेवला. आणि लगेच उचलला.

"काय झालं, फादर?"

"उबदार आहे," ते म्हणाले.