हँडलला बांधलेला दुपट्टा

उमरखेड तालुक्यात पैनगंगेच्या काठी एका गावाची पाण्याची योजना आहे. नदीच्या कडेला खोल विहीर, विहिरीवर मोटरघर, आणि तिथून कोसभर लांब टेकडीवर टाकी. दोहोंमध्ये तार नाही. टाकीतलं पाणी उतरलं की टेकडीवरची पेटी हवेतून निरोप धाडते आणि खाली मोटर सुरू होते. ही पेटी तनवीरनं बसवली होती. माणूस हुशार, कामाला वाघ. पण कुणाला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही.

पाणी समितीचे अध्यक्ष सदाशिवराव घरबसल्या मोबाइलवर मोटरघर बघत. कॅमेऱ्याचं चित्रही त्याच पेटीतून जाई आणि अडकत असे, म्हणून त्यांनी तनवीरमागं तगादा लावला. शेवटी त्यानं चित्राला पुढचा मान दिला आणि मोटर सुरू-बंद करायचे निरोप त्याच्या मागं रांगेत उभे केले. वाट एकच असली की कुणीतरी थांबणारच. बंदच्या निरोपानं थांबून चालत नाही, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. तरी तो हो म्हणून मोकळा झाला.

श्रावणातली दुपार होती. पेटीची किरकोळ दुरुस्ती करायला तनवीर टेकडीवर गेला होता. आभाळ असं खाली उतरलं होतं की भरदुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटावं. वारा पडलेला. टाकीभोवती ओल्या शेवाळाचा वास कोंडला होता. तेवढ्यात मोटरघरातून धर्मपालचा फोन आला. मोटर सांभाळायचं काम त्याच्याकडे.

"तनवीरभाई, जाळीत गाळ बसला. खाली उतरून राह्यलो. मेनचं हँडल पाडू का?"

"नका पाडू भाऊ. हँडल पाडलं का कॅमेरा बी बंद होते, मंग सदाशिवकाका मले फोनावर फोन करते. मोटर मी इथूनच बंद ठेवतो."

"पाहा बरं. धावजी असता त दुपट्टा बांधल्याबिगर उतरला नसता."

धावजी हा धर्मपालच्या आधीचा. विहिरीत उतरायचं तर तो मोटरघराची सगळी वीज तोडणारं भिंतीवरचं हँडल खाली पाडायचा आणि खांद्यावरचा, टोकाला लाल दोऱ्यानं शिवलेला दुपट्टा त्याला बांधायचा. ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा, हा तिथला नेम. दुपट्टा दिसतोय म्हणजे खाली माणूस आहे. मग गावात थेंब नसला तरी कुणी हँडलला हात लावत नसे. दोन पावसाळ्यांपूर्वी तो खाली असताना नदीला अचानक लोंढा आला. धावजी सापडलाच नाही. हँडलला दुपट्टा तेवढा राहिला. सोडायला कुणी धजेना. शेवटी त्याची बायको आली, गाठ सोडून दुपट्टा घेऊन गेली, आणि गावाला पाणी सुरू झालं.

तनवीरनं मोटर बंदवर ठेवली. दुरुस्ती झाल्यावर पेटी एकदा विझवून पुन्हा चालू केली. पेटी जागी झाली ती बंदचा हुकूम विसरून, जुन्या सवयीनं. टाकीत पाणी कमी, मोटर सुरू... निरोप गेलासुद्धा. पेटीच्या पडद्यावर मोटर चालू झाल्याचा हिरवा ठिपका लागला.

मोटर चालली की पाण्याची ओढ माणसाला नळाच्या तोंडच्या जाळीवर दाबून धरते. त्यानं ‘बंद’ दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: प्रतीक्षेत. सदाशिवरावांनी नेमका तेव्हाच कॅमेरा उघडला होता. पुन्हा दाबलं. प्रतीक्षेत. धर्मपालला फोन लावला, पण विहिरीत रेंज कुठली? या अल्ला, माणूस मारला मी, असं तो मोठ्यानं म्हणाला. ऐकायला कुणी नव्हतं.

आणि पेटीच्या पडद्यावर मानकऱ्यासारखं कॅमेऱ्याचं चित्र आधी आलं.

मोटरघराची भिंत. तिच्यावरचं हँडल. हँडलवर दोन हात. फार दिवस पाण्यात राहिल्यासारखे फुगलेले, पांढुरके; कोपरांवरून पाणी गळत होतं. चेहरा चौकटीबाहेर. एका मनगटावर दुपट्टा गुंडाळलेला. हात हँडल खाली ओढत होते...

चित्र तिथंच गोठलं. हिरवा ठिपका विझला. तनवीरचा बंदचा निरोप मात्र अजून प्रतीक्षेतच होता.

मोटरसायकल त्यानं कशी हाणली ते त्याचं त्यालाच माहीत. तो पोचला तेव्हा धर्मपाल विहिरीच्या काठावर चिखलात माखून बसला होता. जिवंत होता. तनवीरला रडू फुटलं.

"मोटर गुरगुरली न भाई... पाय जाळीले चिकटला होता माहा. मंग बंद झाली. तुमीच केली ना तिकून बंद?"

तनवीरनं त्याला हात देऊन उठवलं. दोघं मोटरघरात गेले. हँडल खाली पडलेलं होतं. त्याला दुपट्टा बांधलेला होता आणि गाठीतून पाणी ठिबकत होतं. एका टोकाला लाल दोऱ्याची शिवण होती.

"हा त धावजीच्या बायकोनं नेलता..." धर्मपालनं पुढं केलेला हात मागं घेतला.

फोन वाजला. सदाशिवराव होते.

"अरे, चित्र गेलं. अन् मोटर काहून बंद आहे? गावात पाणी नाई. लाव बरं लवकर."

तनवीरनं शेजारी कुडकुडत उभ्या असलेल्या धर्मपालकडे पाहिलं. मग गाठीकडे. मग दाराबाहेर, विहिरीच्या काळ्या तोंडाकडे.

"नाई काका. लावता येत नाई."

"काहून?"

"खाली माणूस आहे."

त्यानं फोन ठेवला. विहिरीतल्या लोखंडी शिडीवर पाऊल पडल्याचा आवाज आला. एक... मग बऱ्याच वेळानं दुसरं. दोघं दारातच बसून राहिले, तो वर येऊन गाठ सोडेल याची वाट पाहत.