वरचा थर

वास्कोच्या त्या निर्यातदारानं व्हरांड्यात दोनच खुर्च्या ठेवल्या होत्या, त्याही मुद्दाम शेजारी. एका काजू कारखानदारानं दुसऱ्याचा नमुना पाहावा आणि घाबरून आपला भाव आपणच पाडावा, ही त्याची सुसंस्कृत युक्ती. गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळून चार महिने झाले होते. भाषेचा तंटाही मिटला होता, निदान कायद्याचं तसं मत होतं. पेडणे-डिचोलीच्या दहा-बारा माणसांच्या कारखान्यांनी एकमेकांना बुडवावं, हा नियम तेवढा अबाधित होता.

पेडण्याची देवकी मांडीवर नमुन्याचा डबा धरून बसली होती. दरमहा कंटेनरभर काजू... एकट्याला न झेपणारी मागणी. ती हुकली, तर दिवाळीनंतर वडिलांच्या कारखान्याला कुलूप.

शेजारी डिचोलीचा अनंत. त्याच्या बोटांना काजूच्या चिकाचे काळे डाग होते, तिच्यासारखेच.

"तुमचो डबो बघू?" देवकीनं विचारलं.

"बघा. लपवूक काय आसा?"

तिनं वर्तमानपत्र पसरलं आणि त्याचा डबा सरळ उपडा केला. वरचे पांढरेशुभ्र अख्खे गर खाली गेले. वर आला तुकडा आणि करपट माल.

त्याचे कान लाल झाले. "आता तुमचो."

तिनं झाकण घट्ट दाबलं. "आमचो... नको."

"कित्याक? सगळो तुकडो?"

"अर्धोच!" ती हसली — आणि तोही.

परतीच्या बसमध्ये बेत ठरला: माल एकत्र निवडायचा, दोघांचे अख्खे गर कंटेनरला, तुकडा मिठाईवाल्यांना. भाव मात्र एकच सांगायचा.

देवकीचे वडील सदाशिव अडून बसले. "डिचोलीचो माणूस! पयलो डबो बघतलंय, मगे सही."

रविवारी अनंत मालाचा मोठा डबा घेऊन आला. सदाशिवांनी झाकण काढलं. वर नुसता करपट तुकडा. त्यांच्या भुवया चढल्या. देवकीनं हात कोपरापर्यंत आत घातला. तळाशी सगळे अख्खे होते.

"उलटो भरलास?" सदाशिव म्हणाले.

"भायल्यांक वरचो थर दाखयतत. घरच्यांक खोट पयली दाखवची."

सदाशिवांनी खोकून पेन शोधायला घेतलं.

"घरच्यांक?" देवकीनं हळूच विचारलं. "तुमका घरचो म्हटल्यान कोणी?"

"अजून कोणी नाय..." तो तिच्याकडे बघत राहिला. "म्हणून तर इलंय."

ती आत गेली. वास्कोत झाकून ठेवलेला आपला डबा घेऊन आली, आणि त्याच्यापुढं स्वतःच्याच हातानं उपडा केला.