मागच्या खोलीतला उजेड

रफूवाल्या काकूंना खिडकीची जागा मिळाली, तेव्हा त्यांना कोण आनंद झाला! एकवीस वर्षं त्या दुकानाच्या पोटमाळ्यावर, ट्यूबलाइटखाली बसून लोकांचे फाटके कोट सांधत आल्या होत्या. आता सुईचं भोक दिसेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "दिवसाच्या उजेडात काम करा, नाहीतर बंद करा." बंद करून काय करणार? दुसरं काही त्यांना येत नव्हतं, आणि आलं असतं तरी त्यांनी केलं नसतं, असा एकेकाचा स्वभाव.

दुकानाचा मालक जरा घुटमळला. "मागच्या खोलीत खिडकी आहे म्हणतात. मी कधी पडदा सारून पाहिला नाही. वडीलही त्या खोलीत जात नसत."

"मग मी जाते," काकू म्हणाल्या.

पडदा सारला आणि काकू बघतच राहिल्या. बाहेर अंगण, एक उंच झाड, त्यापलीकडे मोकळं रान. उजेड इतका स्वच्छ, की विटक्या कापडातला धागा न् धागा वेगळा दिसावा. सुईत दोरा पहिल्याच फटक्यात गेला! मान अवघडली की झाडाकडे बघायचं, डोळे निवायचे. घरी लेकीला म्हणाल्या, "अगं, माझे डोळे परत आले गं!"

त्या झाडाचं पान कधी हलायचं नाही. टेबलावरचा उन्हाचा तुकडा सकाळी जिथे असायचा, तिथेच संध्याकाळी. काकूंनी ते पाहिलं आणि मनाआड केलं. सुखाने काम होत होतं ना? मग झालं तर.

आठ दिवसांनी एक गिऱ्हाईक कोट आपटत आलं. "बाई, हे रफू आहे की ठिगळ?"

काकूंना राग आला. जुन्या कोटाला त्याच्याच शिवणीतला धागा चालत नाही, तो नवा दिसतो. विटलेल्या रंगाचा धागा उजेडात धरून जुळवावा लागतो. आणि रंग जुळवण्यात काकूंचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांनी कोट खिडकीशी नेला. रफू कुठे आहे ते त्यांनाही सापडेना. मग रस्त्यावर नेला. तपकिरी कोटावर हिरवट, मेलेल्या कातडीसारखा डाग.

आणखी दोन कोट परत आले. मालक म्हणाला, "काकू, अजून एक आला ना, तर मग..."

काकू इमारतीला वळसा घालून मागे जायला निघाल्या. मागे अंगण नव्हतं. शेजारच्या इमारतीची भिंत या भिंतीला अशी चिकटलेली, की मध्ये पोस्टकार्ड सरकलं नसतं.

दुकानाच्या पायरीवर उन्हात बसून त्यांनी सुई काढली. एकीच्या चार सुया दिसल्या, भोक एकीलाही नाही. काकू रडल्या. मग डोळे पुसले आणि मागच्या खोलीत परत गेल्या. दुसरं करणार काय होत्या?

रात्री लेकीला एवढंच म्हणाल्या, "तुझे डोळे तरणे आहेत. तू रस्त्यावर रंग जुळवून दे, टाके मी घालते."

लेक दुसऱ्या दिवशी दुपारी धागे घेऊन आली. दार वाजलं. काकू टेबलावर वाकलेल्या, सुई झरझर चाललेली.

"आई... अशी अंधारात काय बसलीस?"

"अंधार कुठला? एवढी खिडकी उघडी आहे."

"कुठली खिडकी? नुसती भिंत आहे, आई. मला तुझा हातसुद्धा दिसत नाहीये... कुठे आहेस तू?"

काकूंनी मान वर केली. दारापर्यंत लख्ख उजेड होता. दारात कोणी नव्हतं.

"चेष्टा करू नकोस. पुढे ये."

फरशीवर चपला चाचपडत जवळ आल्या. नुसता आवाज. मग खांद्यावर हात पडला. लेकीचाच, घामेजलेला. पाची बोटं काकूंना कळली. त्यांनी खांद्याकडे पाहिलं. खांद्यावर ऊन होतं, बाकी काही नाही.

"आई, चल ना घरी... मला भीती वाटतेय."

काकूंनी त्या न दिसणाऱ्या हातावर आपला हात ठेवला आणि घट्ट धरला. क्षणभरच. मग तो हलकेच बाजूला केला आणि सुईत नवा धागा ओवला. पहिल्याच फटक्यात.

"तू हो पुढे, बाळा," त्या म्हणाल्या. "उजेड आहे तोवर एवढं संपवते."