टँकर उभा राहतो तिथं

माझं कुणी खरं मानलं नाही. वायर काढलेला फोन वाजत नसतो म्हणे. तुमच्या घरी नसंल वाजत. पोरांनो, आता तुम्ही त्याच गाडीवर कामाला लागलात, म्हणून सांगते.

दोन हजार सोळा, दुष्काळाचं साल. एकोणीस मे, गुरुवार. एका ट्रस्टच्या रुग्णवाहिकेच्या खोलीत मी झाडलोट करायची. रात्रपाळीला ड्रायव्हर कडुबा आणि मी, दोघंच. दोन वाजून दहा मिनिटांनी फोन आला. हर्सूलच्या पुढं नवं प्लॉटिंग पडलंय, तिथली बाई. दिवस भरलेले, अंगावरनं जायला लागलेलं. तिकडं रस्त्याला नाव नाही, घराला नंबर नाही. म्हणाली, "टँकर उभा राहतो तिथं या."

कडुबानं फोनवर हात ठेवून मला विचारलं, "वच्छलाबाई, तुमच्याच भागातलं हाय. टँकर कुठं थांबतो?"

"माझ्या दारात. भांडून आणलाय. जा बिनघोर."

"तिला अजून एकदा इचारू?"

"मला इचारून वर तिला कशाला? मी काय पाव्हणी हाय व्हय तिथं?"

त्यानं फोन ठेवला. गाडी माझ्या दारात जाऊन उभी राहिली. बाई वरच्या अंगाला, टँकरच्या जुन्या जागी पडलेली. तिथला टँकर मीच पळवलेला. त्या लोकांच्या तोंडी जागेची खूण तीच राहिलेली. सापडेस्तोवर पाऊण तास गेला. बाई गेली. पोटातलंही गेलं.

चौकशी लागली. गाडी बंद, फोनची वायर साहेबांनी काढून नेली. पत्ता कुणी सांगितला, विचारलं. कडुबानं माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. त्याची नोकरी जायची होती. जेवायचा, पण भाजीत मीठ नाही हे त्याला कळायचं नाही.

नऊ दिवसांनी आम्ही दोघं खोलीच्या राखणीला होतो. दोन वाजून दहा मिनिटं.

फोन वाजला.

कडुबा हलला नाही. "रोज वाजतो," म्हणाला.

"काय म्हणती?"

"इचारती... कुणी सांगितलं."

"तू काय सांगतो?"

"माझं नाव."

मी उचलला. काही नाही. मग धाप. चढ चढल्यावर लागते तशी. मग...

"कुणी सांगितलं?"

कडुबा भिंतीकडं बघत होता.

"मी," मी म्हणाले.

धाप थांबली. टेबलाखाली फरशीवर ओला गोल होता. हंडा ठेवून उचलल्यासारखा. खोलीत चार दिवस पाणी नव्हतं. मी पुसला. परत उमटला. आजही आहे, हात लावून बघा.

सकाळी साहेबांना फोनचं सांगितलं.

"भुताचं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पत्ता सांगणाऱ्याचं नाव बोला."

बोलले.

वच्छला.