मच्छरदाण्यांच्या कारखान्यातला ताप

"मॅडम, सापडलं! पिंपात सापडलं. लगेच या."

फोनवर कारखान्याचा सुपरवायझर होता. आवाज असा, जणू लॉटरीच लागली. निरीक्षकबाईंनी फोन ठेवला आणि ड्रायव्हरला हाक मारली.

या कारखान्याने त्यांच्या नाकी नऊ आणले होते. आरोग्य खात्यात आल्यापासून त्या डासांचाच माग काढत होत्या, पण अशी फजिती कधी झाली नव्हती. इथे मच्छरदाण्या शिवत होते आणि शिवणारेच एकेक करून डेंग्यूने आडवे होत होते. बाईंनी टाक्या पाहिल्या, गच्ची पाहिली, कुंड्या उपड्या केल्या. अळी काही सापडेना. वरचे साहेब रोज विचारायचे, "झालं का काही?" रोज "नाही सर" म्हणून म्हणून बाईंचं तोंड कडू झालं होतं.

पिंप चहाच्या खोलीत होतं. भोवती मालक आणि सुपरवायझर उभे होते. चहा करणाऱ्या मावशी भिंतीला टेकून होत्या. त्यांची मुलगी याच कारखान्यात शिलाईला होती. आता ती दवाखान्यात पडून होती आणि तिच्या रक्तातल्या पेशी उतरतच होत्या.

"बघा, यांच्याच पिंपात," मालक म्हणाले. "स्वतःच्या पोरीला आजारी पाडलं या बाईनं. मी आजच काढतोय कामावरून."

मावशींनी मान वर केली नाही. "काढा साहेब," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातानं झालं म्हणतात. सुपरवायझरसाहेबांनी सकाळी पोरीला फोन करून सांगितलंसुद्धा. आता कुठल्या तोंडानं जाऊ तिच्यापुढे?"

बाईंना मालकाचा राग आला, सुपरवायझरचा आला आणि स्वतःचा तर फारच आला. त्यांनी टॉर्च लावून पिंपात पाहिलं. अळ्या होत्या. चांगल्या पोसलेल्या, वळवळणाऱ्या. काहींचे कोषही झाले होते. बारीक अळी मात्र एकही नव्हती. बाईंनी आतून बोट फिरवलं. प्लॅस्टिक स्वच्छ होतं आणि त्याला घासायच्या पावडरचा वास येत होता.

"मावशी, हे पिंप कधी घासलं होतं?"

"काल. पाइप फुटला होता ना? दिवसभर पाण्याचा थेंब नव्हता. म्हटलं रिकामं आहे तर घासून टाकू. रात्रभर पालथं ठेवलं आणि आज आल्यावर भरलं."

"झाकण होतं?"

"होतं की. वर पातेलं पण ठेवलेलं."

बाईंनी सुपरवायझरकडे पाहिलं. "काल पाइप फुटला होता?"

"मला काय माहीत? काल माझी सुट्टी होती." त्याने शर्टाच्या लांब बाह्या मनगटापर्यंत ओढल्या. त्याच्या अंगाला डास पळवायच्या मलमाचा वास येत होता. "पण मॅडम, अळ्या डोळ्यांना दिसतायत. आता आणखी काय पाहिजे?"

"रिपोर्ट लिहायला टेबल पाहिजे," बाई म्हणाल्या. "तुमची केबिन चालेल."

केबिनकडे जाताना शिलाईचा हॉल लागला. मशिनी खडखडत होत्या. गोदामाच्या भिंतीला लागून असलेली रांग जवळजवळ रिकामी होती. आजारी पडलेले सगळे त्याच रांगेतले. मावशींची मुलगीही तिथेच बसायची. चहाची खोली हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला होती आणि तिथल्या रांगेत सगळे ठणठणीत होते.

"रात्रपाळीत कोण आजारी आहे?" बाईंनी विचारलं.

"कोणीच नाही," मालक म्हणाले. "तेच तर नवल. डास चावायचे ते रात्री!"

बाईंनी कपाळावर हात मारला. इतक्या वेळा सांगूनही माणसं ऐकत नाहीत म्हणजे काय करावं? "अहो, डेंग्यूचा डास दिवसा चावतो. रात्री तोही झोपतो."

केबिनमध्ये टेबलावर काचेच्या बरणीत एक फायटर मासा होता. निळाजांभळा, झगझगीत, बघत राहावं असा. शेजारी माशांच्या खाद्याचा डबा होता आणि त्याचं सील तसंच होतं. खिडकीच्या कठड्यावर मासे धरायची, हातभर दांड्याची छोटी जाळी वाळत ठेवली होती. अजून ओलीच होती.

"सुंदर आहे हो," बाई म्हणाल्या. "जुना आहे?"

"वर्ष झालं. घरी पिल्लंही आहेत." सुपरवायझरचा चेहरा खुलला. "आणि मॅडम, मासा असला की पाण्यात अळी राहत नाही. तुम्हीच शिकवलंत."

"हो, मीच." बाईंनी पेन खाली ठेवलं. "गोदामाची किल्ली द्या."

"गोदामात नुसते रिजेक्ट मालाचे गठ्ठे आहेत. तुम्ही जाळीच्या दारातून पाहिलंय."

"दारातून पाहिलं, तिथेच फसले. किल्ली."

सुपरवायझर हलला नाही. शेवटी मालकांनीच ड्रॉवर उघडून किल्ली काढली. बाईंनी मावशींनाही बोलावून घेतलं.

गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते. मागे, शिलाईच्या भिंतीला लागून, माणूस जेमतेम शिरेल एवढी फट होती. तिथे एक मोठी बादली होती. पाण्यात कोंडा भिजत घातला होता आणि लहानमोठ्या अळ्यांनी पाणी नुसतं खदखदत होतं. बादलीच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधलं होतं. टॉर्चच्या उजेडात पांढऱ्या पट्ट्यांच्या पायांचा एक डास त्यातून सहज बाहेर आला.

"हे काय आहे?" मालक ओरडले.

"जेवण," बाई म्हणाल्या. "यांच्या माशांचं. वर्षभर पाळलेला मासा असा तुकतुकीत आणि खाद्याचा डबा मात्र सीलबंद. मग मासा खातो काय? जिवंत अळ्या. पण ते मला उशिरा सुचलं. आधी पिंपानं सांगितलं. अंड्यातून निघून अळी एवढी व्हायला आठवडा तरी लागतो. हे पिंप रात्रभर कोरडं होतं आणि पाणी आज सकाळचं. त्यात कोष कुठून आले? आणि डास अंडी घालतो तिथे लहानमोठ्या सगळ्या अळ्या असतात. पिंपात फक्त मोठ्या होत्या, कारण बारीक होत्या त्या जाळीतून गळून गेल्या. कोणीतरी इथून जाळी भरून नेली आणि पिंपात झटकली. ज्याला काल पाइप फुटल्याचं ठाऊक नव्हतं, अशा कोणीतरी."



"हा डास फार लांब उडत नाही," बाई पुढे म्हणाल्या. "बादलीतून निघाला की भिंतीवरच्या झरोक्यातून पलीकडच्या रांगेत. कोणीतरी बाहेरून ताप घेऊन आलं असेल. त्याला चावला, मग शेजारणीला, मग तिच्या शेजारणीला. एका माणसावर पोट भरायच्या आत हाकललं की हा दुसऱ्यावर बसतो. आणि तुम्हाला हे सगळं माहीत होतं. म्हणून भर दुपारी मलम आणि लांब बाह्या."

"मी झाकलं होतं हो!" सुपरवायझर एकदम बोलला. "आपल्याच मालानं झाकलं होतं."

मालकांनी ते कापड हातात घेऊन ताणलं. "रिजेक्ट लॉट," ते हळूच म्हणाले. "भोकं मोठी म्हणूनच परत आला होता हा. तुम्हीच शेरा मारला होता ना?"

"वाटलं, एवढ्यानं काय होतंय. पिल्लं दुसरं काही खातच नाहीत. मग लोक आजारी पडायला लागले. रोज ठरवायचो, उद्या ओतून देईन. मावशींची पोर ॲडमिट झाली तेव्हा घाबरलो. म्हटलं, पिंपात सापडलं की शोध थांबेल."

बाईंना हातातला टॉर्च त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. त्यांच्या पावती पुस्तकात अळी सापडल्याचा किरकोळ दंड होता. दुसऱ्याच्या पिंपात अळी टाकून आईच्या माथी मारल्याचा रकाना त्यात नव्हता. पोलिसांना कळवणार होत्याच त्या, पण बादलीतल्या अळ्यांची तक्रार ऐकून पोलिसांची अर्धी दुपार हसण्यातच जाईल हे बाईंना दिसत होतं.

सुपरवायझर मावशींकडे वळला. "मावशी, माफ करा. चुकलो मी."

मावशी इतका वेळ गठ्ठ्याला धरून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि त्यांनी त्याची बाही घट्ट पकडली.

"माझी माफी नंतर," त्या म्हणाल्या. "सकाळी पोरीला फोन केलात ना? तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही. आता चला आणि खरं काय ते तुमच्या तोंडानं सांगा."

"आत्ता? ती झोपली असेल..."

"मग ती जागी होईपर्यंत बसायचं," मावशी म्हणाल्या. "मीही बसते."

निरीक्षकबाईंनी आधी बादली जमिनीवर उपडी केली. मग ड्रायव्हरला फोन करून गाडी दारात आणायला सांगितली.